आपोआप बंद पडलं

।। श्री नागनाथ प्रसन्न ।।

१६ ऑक्टोबर २००४, शनिवार. गोरेगाव.

बचत गटाच्या वहीची मागची पानं कोरी राहिली आहेत. वाया कशाला घालवायची, म्हणून इथं लिहिते. हिशेबाची वही म्हटली की आमच्या घरात कोणी हात लावत नाही.

आज घरात कॉम्प्युटर आला. सुकन्याच्या हिंगोलीच्या क्लासमधल्या सरांनी जुना दिला, परीक्षेपर्यंत सरावाला. हिंगोलीपासून जीपमध्ये पोरीनं डबा मांडीवर धरून आणला, टीव्हीसारखा भाग गोधडीत गुंडाळून पायाशी ठेवला. उतरली तेव्हा पायाला मुंग्या आलेल्या, उभंच राहता येईना. गावातले जळबामामा त्याच जीपमध्ये होते. फाट्यापासून बोंब मारत आले, "मिस्तरीच्या पोरीनं टीव्ही आणला, पण त्याला सिरियल लागत न्हाई!"

ह्यांचं मोटर वायंडिंगचं दुकान. ह्यांनी डब्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "ह्याच्यात कॉइल कुठं हाय?" सुकन्या हसली. मग हे गंभीर झाले. कॉम्प्युटर दुरुस्तीची परीक्षा तीन नोव्हेंबरला नांदेडला आहे. पास झाली तर सर तिला आपल्या दुकानात घेणार, शाळा-शाळांतले कॉम्प्युटर दुरुस्त करायला. हे म्हणाले, "फॉर्म एकदाच भरलाय, पुन्हा भरणार न्हाई. झाली पास तर जाऊ दे हिंगोलीला. न्हाई झाली तर तुळशीचं लग्न उरकलं की पाहुणे बोलावतो."

सुकन्या डब्याच्या बाजूचा पत्रा काढून आत बघत बसली. मी मॅट्रिक झाले तेव्हा मलाही असंच एकदा विचारलं होतं, पुढं काय. माझ्याकडे उघडून बघायला काही नव्हतं.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

जळबामामांनी बैलगाडीत मोटर आणली. उतरवायच्या आधीच सुरू झाले, "मिस्तरी, म्या काय न्हाई केलं बरं का. आपोआप बंद पडली."

आमच्याकडे येणारी प्रत्येक मोटर आपोआपच बंद पडते. ह्यांनी झाकण काढून वास घेतला आणि लागले ओरडायला, "इहिरीत पाणी नसताना चालवली ना? खोटं काहून बोलून राहिला, जळबा?" मामा आणखीच अडून बसले. मग मी चहा दिला. चिठ्ठीवर नाव लिहिता लिहिता विचारलं, "मामा, बंद पडायच्या आधी शेवटचं काय झालतं?"

"काय सांगू सिंधूबाई. लाईट आली, बटन दाबलं, अन् बांधावर जरा डोळा लागला. उठून पाहतो तं पाईप नुसता हवा ओकून राहिला."

चिठ्ठीवर लिहिलं, कोरडी चालली. चिठ्ठी तारेनं मोटरीला बांधली. हे म्हणतात, तुझा चहा फुकट जातो, मला वासावरूनच कळलं होतं. सुकन्या तिथंच पान्हे पुसत बसली होती.

२१ ऑक्टोबर, गुरुवार. खंडेनवमी

मनासारखी पूजा झाली. पान्हे, पकडी, वायंडिंगचं मशीन, ह्यांचं टेस्टर, सगळं धुऊन पाटावर मांडलं. सुकन्याला क्लासला सुट्टी नव्हती. जाताना बजावून गेली, "आई, डबा उघडा हाय. हात लावू नको." मी म्हटलं, हात कशाला लावते, पूजा तर करायची.

आता वरून पत्र्याला कुंकू लावायचं म्हणजे देवाच्या पाठीला लावल्यासारखं. आतली हिरवी पाटी, तिच्यावरचं बारीक बारीक नक्षीकाम समोर दिसत होतं. तिलाच हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, फुलानं पाणी शिंपडलं. थोडंसंच. हात जोडून म्हटलं, माझ्या लेकरावर लक्ष ठेव.

मग कापड टाकलं. आजच्या दिवशी अवजार वापरत नाहीत.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार. दसरा

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

सकाळी पोरीनं बटन दाबलं. तीनदा टूं, टूं, टूं वाजलं आणि पडदा काळा. पुन्हा दाबलं, पुन्हा तसंच. तिच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं. बारा दिवसांवर परीक्षा, मशीन दुसऱ्याचं.

"आई, कुनी हात लावलता का?"

"न्हाई गं. आपोआप बंद पडलं असंल."

कसं तोंडातून निघालं ते माझं मला कळलं नाही. मी पूजा केली, त्यात चोरी कसली? पण म्हणाले खरं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग डब्यात बघितलं, मग आत उजेड पाडायला बॅटरी आणायला गेली. सोनं वाटायला शेजारची शकुबाई आली ती म्हणाली, "काहून गं सिंधूबाई, सणाचं तोंड असं?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. एका दिवसात दोन थापा झाल्या.

२३ ऑक्टोबर, शनिवार

सुकन्या एस.टी.डी. बूथवर जाऊन सरांशी बोलली. मी भाजी घ्यायच्या निमित्तानं बाहेर उभी होते. ती म्हणत होती, "सर, माझ्याच हातून काहीतरी पडलं असंल आत." पलीकडून सर रागावत होते, एवढं कळत होतं. ती नुसती "व्हय सर, व्हय सर" करत होती.

किती भोळी पोरगी. काही केलेलं नसताना अंगावर घेते. मी कोथिंबिरीची जुडी धरून उभी राहिले, आत काही गेले नाही.

२५ ऑक्टोबर, सोमवार

चालू झालं! नागनाथा, तुझी कृपा.

तीन दिवस तिनं एकेक भाग बाहेर काढून पाटावर मांडला, भाजीची मांडणी करावी तसा. सरांनी सांगितलं होतं त्याप्रमाणे आतल्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, पट्टी बसते ती खाच रंगाच्या कोऱ्या ब्रशनं झाडली. दुपारी लाईट आली तेव्हा बटन दाबलं. एकदाच टूं वाजलं आणि पडदा उजळला. मला म्हणाली, "बरं झालं आई बंद पडलं. आता समदं खोलून परत लावता येतं मला." माझ्या जिवावरचं ओझं उतरलं.

एक नवल. देव्हाऱ्यात नागनाथाच्या फोटोपुढं बाटलीच्या बुचात पाच अक्षता ठेवलेल्या, कुंकवानं लाल. कोणत्या पूजेतल्या राहिल्या कोण जाणे. मी रोज देव्हारा पुसते, काल नव्हत्या. तुळशीत टाकल्या.

२६ ऑक्टोबर, मंगळवार

आजपासून सप्ताह बसवला. मीच ठरवलं.

क्लासचं एक इंग्रजी पुस्तक आहे, साडेतीनशे प्रश्न, प्रत्येकाला चार उत्तरं. सरांचे आधीचे विद्यार्थी ह्यावरच पास झाले म्हणे. पोथीचे अध्याय सात दिवसांत होतात, तर हे का नाही? रोज पन्नास. सकाळी अंघोळ करून पूर्वेला तोंड, मध्ये उठायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. मी प्रश्नाचा आकडा म्हणायचा, तिनं उत्तर. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं, पण अक्षर लागतं.

"एकोणीस?"

"क."

"वीस?"

"ड. आई, पण ही वीसवाली गोष्ट मशीनमध्ये कुठं हाय ते उघडून दाखवू का तुला?"

"पारायण चालू हाय. मोडायचं न्हाई."

मशीनवर मी कापड टाकून वर देव्हाऱ्यातला ग्रंथ ठेवला, म्हणजे कोणी उघडणार नाही. एकदा बंद पडलं तेवढं पुरे. आज पन्नासात चुका अकरा.

३० ऑक्टोबर, शनिवार

चुका दोन. हे जेवताना थट्टा करतात, "अडुसष्ट?" ती भाकरी मोडत म्हणते, "ब." "एकशे चार?" "अ." आता तर प्रश्न वाचायचीही गरज राहिली नाही, नुसत्या आकड्यावर उत्तर येतं. मला पूर्वी पोथीच्या ओव्या अशाच यायच्या.

ती मात्र खूश दिसत नाही. म्हणते, "आई, आकडा बदलला तर?" मी म्हटलं, छापलेलं कसं बदलंल?

१ नोव्हेंबर, सोमवार

सप्ताह संपला. साडेतीनशेत चूक शून्य. शिऱ्याचा नैवेद्य दाखवला. पुस्तकाला कुंकू लावलं. वरून.

३ नोव्हेंबर, बुधवार. नांदेड

बस स्टँडवर बसून लिहिते आहे. हिंगोलीची गाडी लागायची आहे. हातात काहीतरी धरल्याशिवाय बसवत नाही म्हणून वही काढली.

केंद्राबाहेर जिन्यावर बसून मी जप करत होते. आत बारा जणं, मुलगी ही एकटीच. दीड तासानं बाहेर आली. चेहरा असा, की मी आधी तिच्या कपाळाला हात लावला.

"आई, पुस्तकातलं आलंच न्हाई."

"एकबी न्हाई?"

"साठातले अकरा आले. तेबी आकडे उलटेपालटे. अन् उत्तरांची जागा बदलली. क होतं तिथं अ."

सात दिवस. पूर्वेला तोंड. शून्य चुका. मी तिला मशीन उघडू दिलं नाही, वर ग्रंथ ठेवला. त्याचा तिनं मला दोष दिला नाही. चहा पण नको म्हणाली.

"बाकीचे काय आलते मग?"

"असले, की वाचूनच धक्का बसला. प्रिंटरची काळी पावडर सांडली, पाण्यानं पुसायची का कोरड्यानं? वायरीतून धूर आला, आधी काय करायचं? गिऱ्हाईक ओरडून राहिलं, त्याला काय म्हणायचं? अन् एक..." इथं थांबली. माझ्याकडे बघितलं आणि मग नांदेडच्या रस्त्याकडे बघत बसली. "ते सोड. लावलं काहीतरी."

निकाल आठवड्यानं क्लासमध्ये येणार. साठातले बेचाळीस पाहिजेत.

४ नोव्हेंबर, गुरुवार

ह्यांना सांगितलं. हातातली कॉइल तशीच राहिली. मग एकदम भडकले, "हे कॉम्प्युटरचे प्रश्न हायत का? गिऱ्हाईक ओरडलं तर काय करायचं! हे तं आमच्या दुकानातलं झालं. ह्याला हार्डवेअर म्हनत्यात?"

"तुमी काय लिहिलं असतं, बापू?" सुकन्यानं विचारलं.

"म्या? म्या म्हनलं असतं, आवाज खाली कर, न्हाई तं घे तुझी मोटर अन् चालता हो."

"ते उत्तर होतं चारांत," ती म्हणाली. "ब."

हे हसले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, शिरड शहापूरच्या पाहुण्यांना निरोप धाडून ठेवतो, धाडायला काय जातं. ती ताटं घासत होती. एक ताट तिनं फार वेळ घासलं.

मला राहून राहून वाटतं, प्रश्न कोणी बदलले ते मला माहीत आहे. दसऱ्याच्या दिवशी, पूजा केलेल्या हातानं मी खोटं बोलले. माझ्या वाट्याचं माझ्या लेकराला मिळालं.

८ नोव्हेंबर, सोमवार. औंढा

नागनाथाला गेले. गाभाऱ्यात खाली उतरले, पिंडीवर हात ठेवला, म्हटलं, मी केलं, तिला सोड. बाहेर आले तर मोकळं काही वाटलं नाही. देवाला सांगणं सोपंच असतं, तो काही परत विचारत नाही. सांगायचं होतं ते घरी होतं.

घरी आले. ती मशीन पुसत होती, निकालाच्या दिवशी परत द्यायचं म्हणून. मी म्हटलं, "सुकन्या." ती म्हणाली, "काय?" मी म्हटलं, "प्रसाद घे."

९ नोव्हेंबर, मंगळवार

आज जे झालं ते तसंच्या तसं लिहिते.

हे सेनगावला गेले होते. दुकानात मी आणि सुकन्या. जळबामामांची तीच मोटर पुन्हा बैलगाडीत. मामा उतरायच्या आधीच, "सिंधूबाई, आईच्यान सांगतो, काय न्हाई केलं. आपोआप बंद पडली."

मी चिठ्ठी घेतली, नाव लिहिलं. नेहमीचं विचारायला तोंड उघडलं आणि शब्द फुटेना. आपोआप बंद पडली. हे मी कोणाच्या तोंडून ऐकलं होतं? माझ्याच. वीस वर्षं ह्या चिठ्ठ्या लिहिते आहे, किती जणांकडून खरं काढून घेतलं, आणि माझ्या स्वतःच्या घरात मी जळबामामा झाले. पेन तसाच धरून बसले.

मागून आवाज आला, "मामा, बसा. चहा घ्या. बंद पडायच्या आधी शेवटचं काय झालतं?"

सुकन्या होती. पण सूर माझा. शेवटचं म्हणताना मी जरा थांबते, तशीच ती थांबली. मी असं बोलते हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

मामांनी टोपी काढली. "आता तुला काय लपवू पोरी. नातवंडानं स्टार्टरमध्ये चुना भरला, देवळाला देत्यात तसा. म्या धुतला पान्यानं, अन् वल्लाच चालू केला."

तिनं माझ्या हातातून पेन घेऊन चिठ्ठीवर लिहिलं. नातवाचं नाव लिहिलं नाही, मामांना लाज वाटेल असं काहीच नाही. फक्त, ओला.

उद्या निकाल. उद्या काही होवो, त्याच्या आधी सांगायचं. इथं लिहून ठेवते म्हणजे मागं फिरता येणार नाही.

१० नोव्हेंबर, बुधवार

नाही जमलं आधी. सकाळी सातच्या जीपनं ती आणि हे मशीनबद्दल विचारायला आणि निकाल आणायला हिंगोलीला गेले. मी पीठ मळून ठेवलं, पुन्हा मळलं.

दुपारी जीप थांबली. आधी हे उतरले. हातात कागद. माझ्यापुढं धरला. मॅट्रिकचं इंग्रजी, डोळ्यात पाणी, अक्षरं हलत होती. आकडे तेवढे वाचले. ४२.

बेचाळीसच पाहिजे होते.

"एकानं," हे म्हणाले. आवाज फाटला होता. "एका प्रश्नानं वाचली! हे बघ, भागाभागानं दिलंय. मशीनचे भाग, निम्मेच. गिऱ्हाईकाशी वागणूक, दहापैकी दहा. दहापैकी दहा! सर म्हनले, पूर्ण बॅचमध्ये कुनाला इथं पाचाच्या वर न्हाई. कुठून शिकली, विचारून राहिले."

"काय सांगितलं?" मी विचारलं.

"म्हनलं, आमचं दुकान हाय," हे म्हणाले आणि छाती पुढं काढून गल्ल्यावर बसले. निरोप धाडलेल्या पाहुण्यांचं नावही काढलं नाही.

मी सुकन्याला आत बोलावलं. देव्हाऱ्यासमोर उभी केली. पण माझ्या आधी तिनंच सुरू केलं.

"आई, तो नांदेडचा प्रश्न सांगायचा राहिला. गिऱ्हाईक म्हनतं, म्या काहीच केलं न्हाई, आपोआप बंद पडलं. अन् तुमाला तं आत दिसून राहिलं त्यानं काय केलं ते. तर तुमी काय कराल? चार उत्तरं होती. खोटं बोलता म्हनून सांगाल. साहेबाला कळवाल. दुरुस्त करून द्याल अन् गप राहाल. न्हाई तं..."

"न्हाई तं?"

"न्हाई तं विचाराल." ती माझ्याकडे बघत होती. नांदेडच्या स्टँडवर बघितलं होतं तसंच. "बंद पडायच्या आधी शेवटचं काय झालतं?"

माझ्या तोंडातून आलं, "पूजा. कुंकू. अक्षता आत टाकल्या. फुलानं पाणी पण शिंपडलं, थोडंसंच."

"थोडंसं न्हाई आई. खाच भरलेली होती."

"तुला कधी कळलं?"

"दसऱ्याला. तू न्हाई म्हनलीस तेव्हाच आत अक्षता दिसत होत्या. पाच निघाल्या. म्हनलं देवाच्या हायत, फेकायच्या कशा? फोटोपुढं ठेवल्या. सहावा दाणा पंख्यात अडकलेला, सरांना दिसंल म्हनून तो चिमट्यानं काढला, अन् परसाद म्हनून खाऊन टाकला."

मी खालीच बसले. बुचातल्या अक्षता मीच तुळशीत टाकल्या होत्या. बूथवर ती सरांचं ऐकून घेत होती आणि मी कोथिंबीर धरून उभी होते, तिला भोळी म्हणत. भोळी!

"मंग विचारलं काहून न्हाईस मला? एवढे दिवस?"

ती माझ्याजवळ बसली. "एवढे दिवस तिसरंच उत्तर केलं. दुरुस्त करून गप राहिले. परीक्षेत पन मी आधी तेच लावलतं आई. मंग तू चिठ्ठ्या लिहिताना डोळ्यापुढं आलीस. बदललं."

४२. एका प्रश्नानं.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन

मशीन सरांनी सोमवारी आणायला सांगितलं आहे. तीच जीप, तीच मांडी. त्याच दिवसापासून ती त्यांच्या दुकानात. हे जीपवाल्याला सांगून आले, पोरीला पुढची जागा ठेवायची, मिस्तरीण आहे ती.

पूजेला हिशेबाची वही, पान्हे, पकडी आणि मशीन मांडलं. कुंकवाचा करंडा हातात घेतला आणि मी थांबले. "कुठं लावू?" विचारलं.

सुकन्यानं आधी भिंतीतली वायर काढली. पत्रा बसवून चारही स्क्रू आवळले. मग वरच्या पत्र्यावर बोटानं जागा दाखवली. "इथं. कोरडं. एकच बोट."

एकच बोट लावलं. अक्षता पाटावर वाहिल्या. तिनं वाकून मशीनभोवती बॅटरी फिरवली आणि अक्षता मोजल्या.